हिरव्या ठिपक्याची पिशवी

लग्न होऊन या घरात आल्यापासून राजेश्वरीनं स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली, आणि ती काय, तर कुत्री. हसा की! सोलापूरच्या शेळगीतली अख्खी गल्ली हसली, तुम्ही का मागं राहता? लोकांच्या सुना पाटल्या मागतात, वेगळी चूल मागतात, गेलाबाजार एखादं इरकल तरी मागतात. हिनं मागितली कुणीतरी रस्त्यावर सोडून दिलेली मादी. अंगावरचे केस ठिकठिकाणी गेलेले, फासळ्या वर आलेल्या आणि शेपूट सदा पायांत.

पण राजेश्वरीच्या जागी बसून बघा जरा. मुलगा नोकरीला म्हणून पुण्याला गेला तो दिवाळीपुरता उरला. घरात तीन माणसं. नवरा शरणबसव, एका पतसंस्थेत कारकून. त्याला काहीही विचारा, गॅसचा नंबर लावू का, मुलाला फोन करू का, उत्तर एकच, "अप्पांना विचार की." अप्पा म्हणजे त्याचे वडील, कल्लप्पा. मार्केट यार्डात उभा जन्म त्यांनी जनावरांची पेंड आणि सरकी विकली. दुकान बंद केलं तरी दुकानातला आवाज घरी घेऊन आले. डाळ कुठली आणायची, दार कधी लावायचं, पंखा कितीवर फिरवायचा, सगळं ते ठरवणार. माणूस वाईट नव्हे हो, खोटं कशाला बोला. सुनेचं कधी माहेर काढलं नाही, कधी ताटावरून उठवलं नाही. फक्त ती घरात आहे हे त्यांच्या फारसं ध्यानात यायचं नाही. राजेश्वरी खिडकीपाशी मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि दुपारी मशीन थांबली की त्या घरात पंख्याशिवाय कुणाचा आवाज नसायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर ती होटगी रोडला एका शाळेतल्या बाईंचे ब्लाउज द्यायला गेली. शाळेच्या मैदानात मांडव घातलेला, आणि मांडवात सोडून दिलेली कुत्री दत्तक द्यायला आणलेली. लोक गुबगुबीत पिल्लं उचलून फोटो काढत होते. या मादीकडं कुणी बघत नव्हतं. राजेश्वरी सहज खाली वाकली तर तिनं हिच्या पदरात तोंड घातलं आणि तशीच उभी राहिली. राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. किती वर्षांत कुणी आपणहून तिच्याजवळ आलं नव्हतं.

मांडव घालणारी पोरगी सई. सात रस्ता चौकात तिचं कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचं दुकान. ती म्हणाली, "काकू, न्यायची तर न्या. पण एक बोली आहे. नाहीच जमलं तर माझ्याकडं परत आणायची. रस्त्यावर सोडायची नाही."

"जमंल की," राजेश्वरी म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती अप्पांना न विचारता काही बोलली होती.

अप्पांना विचारावं लागलंच. ते पूजा आटपून बसले होते. घर वीरशैवांचं. आंघोळ, कपाळभर भस्म, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि मग पाण्याचा पहिला घोट. यात अप्पांनी तापातसुद्धा कधी खाडा केला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आन की. मी कुटं न्हाय म्हनलालोय? राखनीला बरं. पन एक ऐक. या घरात आजपतुर अंडं सुदिक आलेलं न्हाय. कुत्र्याच्या नावानं बी येनार न्हाय."

"न्हाय आणत, अप्पा."

"घरात न्हाय आन घराभाईर बी न्हाय. आपल्या हातानं मांस कुनाच्या तोंडात जायाचं न्हाय."

"व्हय," ती म्हणाली, आणि कबूल करून बसली. कुत्रं काय खातं हे तिला तरी कुठं माहीत होतं? दूध-भाकरी खाईल, तिला वाटलं.

मादी घरी आली. उन्हात तिचा रंग पिवळाधमक दिसायचा म्हणून अप्पांनीच नाव ठेवलं, बंगारी. कानडीत बंगार म्हणजे सोनं. नाव सोन्याचं, पण अंगावर मूठभर मांस नाही. दूध-भाकरी खाल्ली की ओकायची, नाही तर पातळ करायची. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे ओठ उचलून दात बघितले, पाठीवरचे चट्टे बघितले आणि सांगितलं, "दूध बंद करा. हिला कुत्र्याचं खाणं द्या, पिशवीतलं कोरडं. चांगलं बघून घ्या."

चांगलं बघून घ्या! म्हणायला काय जातंय? राजेश्वरी सईच्या दुकानात गेली तर तिचे डोळेच फिरले. भिंतभर पिशव्या. कुठं रुबाबदार कुत्र्याचं चित्र, कुठं गाजर आणि वाटाणे. एका कोपऱ्यात तोंड उघडं टाकलेलं पोतं, त्यातलं सुट्टंही मिळायचं.

"सुट्टं नको काकू," सई म्हणाली. "मी ठेवते, लोक मागतात म्हणून. पण उघडं राहिलं की खवट होतं. आणि चित्राकडं बघू नका. पिशवी उलटी करा, मागं बारीक अक्षरात लिहिलंय ते वाचा. पहिलं नाव ज्याचं, तेच आत सगळ्यात जास्त."

राजेश्वरीनं पहिल्यांदा पिशवीचा पुढचा भागच बघितला. तिथं हिरवा ठिपका हवा. या घरात आलेल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर तो ठिपका बघूनच पुडा उंबऱ्याच्या आत यायचा. हिरव्या ठिपक्याची स्वस्तातली एक पिशवी होती. मागं पहिलं नाव मका, दुसरं गहू, मग सोयाबीन. ती घेतली. अप्पांनी चष्मा लावून ठिपका तपासला, पिशवी फिरवून सगळं वाचलं आणि खूश झाले. "मका, गहू, सोयाबीन! अगं ही तर आपली पेंड की! मी हेच इकत होतो."

खरंच पेंडच होती ती. पिशवी सरत आली तरी बंगारीच्या फासळ्या होत्या तिथंच, आणि केस झाडूभर गळायचे. झाडताना राजेश्वरीचा जीव तुटायचा. हिनं पदरात तोंड घातलं ते उपाशी राहायलाच का, असं तिला वाटायचं.

ती परत सईकडं गेली. सईनं तीन पिशव्या पुढं मांडल्या. "ही बघा, हिरव्या ठिपक्याची, चांगली. पण बाहेरच्या देशातनं येते. किंमत बघा." राजेश्वरीनं बघितली आणि काचेची असावी तशी पिशवी अलगद खाली ठेवली. "ही तुमची आधीची. स्वस्त, पण हिला ती पुरणार नाही. आणि ही तिसरी, मी माझ्या कुत्र्यांना घालते ती. परवडते आणि चांगलीही आहे. पहिलं नाव बघा."

पहिलं नाव कोंबडी. पुढच्या बाजूला तपकिरी ठिपका, तिला वाटलं, तो आपल्याकडंच बघतोय.

स्वस्त, चांगलं आणि शाकाहारी, तिन्ही एका पिशवीत काही मिळेना. दोन घ्या, एक सोडा, असा तो बाजार होता. शिलाईच्या पैशात बाहेरदेशी पिशवी बसत नव्हती, आणि नवऱ्याकडं मागावं तर तो अप्पांना विचारणार. तरी तिनं अप्पांकडं चाचपून बघितलं. "अप्पा, डॉक्टर म्हणतात, हिला जरा ताकदीचं लागंल. मागच्या बोळात, भांडं वेगळं ठेवून, अंडं जरी…" अप्पांनी नुसतं बघितलं तिच्याकडं. तेवढ्यानं ती आत गेली.

मग तिनं केलं ते केलं. कोंबडीची पिशवी आणली, शिलाईच्या थैलीत तळाशी घालून, वर ब्लाउजपीस पसरून. दुपारी अप्पा घोरत असताना हिरव्या ठिपक्याच्या जुन्या पिशवीत ती ओतली, आणि रिकामी पिशवी कात्रीनं कापून चिंध्यांच्या बोचक्यात खुपसली. दाणे दिसायला सारखेच, तपकिरी, चण्याएवढे. देवाची शप्पथ, दोनदा मधेच उठून अप्पांचं घोरणं ऐकून आली ती. पण बंगारीनं भांडं चाटूनपुसून वर बघितलं, जीभ नाकावरून फिरवली, तेव्हा राजेश्वरीनं आतल्या आत म्हटलं, जाऊ दे, जे पाप लागायचं ते मला लागू दे.

"काकू, घरात सांगा की एकदा," सई पुढच्या वेळी म्हणाली.

"सांगितलं की संपलं."

बंगारी पावसाळ्यापर्यंत अशी झाली की ओळखू येईना. फासळ्या झाकल्या, चट्ट्यांवर केस आले, ऊन पडलं की पाठ झळकायची. शेपूट वर झालं. राजेश्वरी मशीनवर बसली की तिच्या पायांवर हनुवटी टेकून पडायची, आणि राजेश्वरी तिला सगळं सांगायची. मुलाचा फोन आला नाही, शेजारणीनं ब्लाउज घट्ट झाला म्हणून परत आणला, सगळं. माणूस सुखात असला की त्याचा आवाज बदलतो. शरणबसवनंसुद्धा एकदा मोबाईलमधून मान वर करून विचारलं, "गात होतीस काय?"

आणि अप्पा! अप्पांचा तर नुसता प्रचार सुरू झाला. दाराच्या पायरीवर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचे. "बग, बग अंगावर तेज कसं आलंय! लोक म्हनत्यात कुत्र्याला मटन लागतंय. कशाला लागतंय? मका, गहू, सोयाबीन. शाकाहारी हाय ही, आमच्यावानी." मठात जायचे तिथंही तेच. एकदा तर पिशवी घेऊन गेले आणि लोकांना ठिपका दाखवून आले. राजेश्वरीला पहिल्यांदा हसू आवरेना, मशीनवर मान खाली घालून ती हसायची. उभ्या जन्मात तिचा म्हणून हा एकच डाव जमला होता, बिचारीला थोडी मजा वाटली तर कुठं बिघडलं? पुढं पुढं मात्र मठाचं नाव निघालं की ती मशीन जोरात चालवायची. अप्पा स्वतःच्या हातानं बंगारीला दाणे भरवायला लागले तेव्हापासून ती त्यांच्या मागं साबण घेऊन फिरायची. "लाळ असते अप्पा, हात धुवा." अप्पा म्हणायचे, सून किती काळजी घेती बगा.

इथवर ठीक होतं. पण पिशवी लवकर संपायला लागली. तिला वाटलं उंदीर असतील. पिशवी डब्यात ठेवली तरी तेच. सई म्हणाली, जास्त घालत असाल. ती म्हणाली, वाटीनं घालते बाई.

सोलापुरात नळाला पाणी आलं की बायका बाकी सगळं सोडतात. त्या सकाळी पाणी आलं होतं, धुणं ढीगभर, ती गच्चीवर वाळत घालत होती. चिमटे संपले म्हणून खाली आली. रोज या वेळी गल्लीतल्या सिद्धम्माची गाय दाराशी यायची, आणि अप्पा पूजा झाली की तिला भाकरीचा घास द्यायचे. घरातली जुनी रीत. आधी गाईचा घास, मग आपलं ताट. याच गाईचं दूध या घरात यायचं, अप्पांच्या पूजेला नैवेद्यही त्याच दुधाचा.

अप्पा पायरीवर उभे होते. कपाळावर ओलं भस्म. डाव्या हातात भाकरी, आणि उजव्या हातात मूठभर तपकिरी दाणे. गाईनं जीभ काढून हात चाटायला सुरुवात केलेली.

"अप्पा, नको!" राजेश्वरी इतक्या जोरात ओरडली की गाय बिचकून मागं सरली.

"काय गं, काय झालं? मका-गहू हाय की त्यात. कुत्र्याला येवडं मानवलं, गाईला न्हाय व्हय मानवनार? मी रोजच देतो."

रोज!  तिला काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडात जे पहिलं आलं ते ती बोलली. "औषध आहे त्यात. बंगारीचं. जंताचं."

एक खोटं निस्तरायला शंभर खोटी लागतात म्हणतात. हिचं दुसऱ्याच खोट्याला दिवाळं निघालं. कारण अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "जंताचं औषध? आन मी दोन म्हैनं घालतोय तिला? गाबन हाय गं ती!" आणि म्हातारा तसाच अनवाणी, हातातली भाकरी हातात, सिद्धम्माच्या दाराकडं पळत सुटला.

घटकाभरात सिद्धम्मा दारात हजर. विधवा बाई, त्या एका गाईवर तिचं घर चालायचं. कानाला मोबाईल, डोळ्यांत पाणी, मागं धापा टाकत अप्पा. "राजेश्वरी, नाव सांग औषदाचं! डॉक्टर फोनवर हायेत. गाबन जनावर हाय, इंजेक्षन द्यावं लागंल म्हनत्यात. लौकर सांग गं, यव्वा, माझी गाय!"

सांगायचं की कुठलंही नाव. बंगारीच्या औषधाची बाटली समोर फळीवर होती, त्यावरचं वाचलं असतं तरी सुटली असती. पण मग त्या गाभण गाईला नको ती सुई टोचली असती. राजेश्वरीनं सिद्धम्माकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, आणि तिच्यानं होईना.

"औषध नाही अक्का. काही टोचू नका तिला. औषध-बिवषध काही नाही त्यात."

"मग ओरडलीस का?" अप्पांनी विचारलं.

"कोंबडी आहे त्यात."

मोबाईलमधल्या डॉक्टरांनीही ते ऐकलं असावं, कारण तिकडून काही तरी विचारलं गेलं आणि सिद्धम्मा ऐकत राहिली. मग ती म्हणाली, "गाईला काय व्हायाचं न्हाय म्हनत्यात. देनं बंद करा म्हनत्यात." तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण काय ऐकलं. तिनं तोंडावर पदर धरला. "शिव शिव शिव! गाईला? अगं, गाईला?" आणि ती गेली. दुपारपर्यंत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचणार होती, ते सांगायला ज्योतिषी नको.

अप्पा उभेच होते. "हिरवा ठिपका होता की पिशवीवर. मी बगितला हुता."

"आतलं बदललं मी."

अप्पांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा बघत राहिले. "पूजेच्या हातानं," ते म्हणाले. "आन त्याच दुदाचा निवद." त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते मोरीत गेले आणि अंगावरच्या धोतरासकट डोक्यावर पाणी ओतत बसले. पिंप संपलं तरी बाहेर येईनात.

संध्याकाळी शरणबसव घरी आला, त्यानं सगळं ऐकलं. नवऱ्यानं अशा वेळी काय बोलावं? ओरडावं, समजूत घालावी, काहीतरी करावं. तो म्हणाला, "अप्पांना विचारायचं होतंस की." राजेश्वरीला वाटलं, समोरचा तांब्या उचलून याच्या डोक्यात घालावा. घातला नाही. तिथंच चुकली असं मला वाटतं.

"कुत्री परत देऊन टाकू का, अप्पा?" त्यानं विचारलं.

 बंगारी दाराशी पडून आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"कुत्रीचं काय चुकलं?" अप्पा म्हणाले. "मुकं जनावर. घातलं ते खाल्लं. ऱ्हाऊ दे ती हितंच." मग ते राजेश्वरीकडं पाठ करून म्हणाले, "ह्या बाईच्या हातचं मात्र मला नको."

झालं. कुत्रीला माफी मिळाली, सुनेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी बाहेरच्या खोलीत शेगडी मांडली. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता, तो वाकड्यातिकड्या भाकरी थापायला लागला. हात पोळून घ्यायचे, पण तिनं पुढं केलेली चटणीसुद्धा घ्यायचे नाहीत. तिच्याशी अबोला धरला. आणि अबोला धरणाऱ्याला एक मध्यस्थ लागतोच, तो बंगारी झाली. "बंगारी, सांग त्या बाईला, चहा नको म्हनाव." "बंगारी, विचार तिला, लाईटबिल कुटं ठेवलंय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो?

आणि बंगारीला खायलाही आता तेच घालायचे. आपल्या ताटातली भाकरी वरणात कुस्करून, स्वतःच्या हातानं, "बा बंगारी, बा" असं कानडीत बोलावत. शुद्ध, बिनपापाचं. कुत्र्याची जात, जो भरवील त्याची. शेगडीची ऊब, ताटातला घास, आणि दिवसभर बोलणारा म्हातारा. ती मशीनपाशी येईनाशी झाली. अप्पांच्या खाटेखाली झोपायला लागली. राजेश्वरीनं हाक मारली तर मान उचलायची, शेपूट हलवायची आणि तिथंच पडून राहायची. राजेश्वरीला तिचा राग यायचा, आणि मुक्या जनावराचा राग येतो म्हणून स्वतःचा त्याहून जास्त यायचा.

राग सोसला असता तिनं. पण केस पुन्हा गळायला लागले. मागच्या मांडीवर चट्टा पडला, मग पाठीवर. फासळ्या पुन्हा वर आल्या. वरण-भाकरीवर ती जगत होती, पण नुसती जगतच होती. अप्पांना दिसायचं नाही. त्यांची नजर अधू, आणि प्रेम त्याहून अधू.

राजेश्वरीनं मग रात्रंदिवस मशीन चालवली. लग्नसराईचे ब्लाउज घेतले, नको नको म्हणणारी पाठ घेऊन शिवले, आणि सईकडून ती बाहेरदेशी महागडी पिशवी आणली. खऱ्या हिरव्या ठिपक्याची. आत मांसाचा कण नाही. शिवण तशीच, सील न फोडलेलं. अप्पांच्या खाटेसमोर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, ही बघा. तुमीच फोडा. तुमीच घाला. मी हातसुदिक लावत नाही."

अप्पांनी चष्मासुद्धा लावला नाही. बंगारीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "बंगारी, सांग तिला. ठिपका तवाबी हिरवाच हुता."

 तिचीच शिवण, तिच्याच अंगावर घट्ट झालेली. तरी ती बोलली. "अप्पा, एवढं एक ऐका. भाकरीनं हिचं भागत नाही. हात लावून बघा, हाडं लागतील. पावसाळ्यात कशी होती आठवा. अशीच राहिली तर जगायची नाही ही."

"बंगारी, आमच्या दावनीला राखनीची कुत्री भाकरीवर म्हातारी झाली म्हनाव. आन सांग, ज्या तोंडानं खोटं बोलली त्या तोंडाचं आता खरं कोन मानंल?"

शरणबसव तिथंच बसला होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता. सिद्धम्मानं तर दूध बंद करून कधीच दुसरं गिऱ्हाईक बघितलं होतं. राजेश्वरीच्या बाजूनं त्या घरात कुणी उरलं नव्हतं, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती खाटेखाली अंग खाजवत होती.

तिनं सईला फोन केला. "बोली आठवते ना? ये आणि घेऊन जा."

सई रिक्षा घेऊन आली. तिनं बंगारीला बघितलं आणि "काकू, हे काय हो?" एवढंच म्हणाली. जुळे सोलापूर भागात एक घर तयार होतं, चांगलं, सगळं खाणारं. राजेश्वरीनं दोरी घेतली आणि हाक मारली. बंगारी येईना. खाटेच्या पायाला चिकटून बसली आणि अप्पांकडं बघत राहिली. जिनं एकदा आपणहून हिच्या पदरात तोंड घातलं होतं, तिला ओढून काढावं लागलं. फरशीवर नखं खरवडत गेली. राजेश्वरी रडत होती आणि ओढत होती.

अप्पा उठून उभे राहिले होते.  "माज्याकडं आली म्हनून पोटात दुकलं हिच्या," ते सईला म्हणाले. "सूड घेतलाय बग पोरी. मुक्या जनावरावर सूड." शरणबसव म्हणाला, "जाऊ दे अप्पा." कुणाला जाऊ दे ते काही त्यानं सांगितलं नाही.

रिक्षात बसताना सईनं हळूच विचारलं, "त्या लोकांना काय घालायला सांगू, काकू? तिला काय मानवतं?"

हळू बोलायचे दिवस संपले होते. राजेश्वरी दारातून, अप्पांना आणि समोरच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोंबडीचं. सांग त्यांना, कोंबडीचंच घाला. तेच मानवतं तिला."

अप्पांनी डोळे मिटले आणि छातीवरच्या लिंगावर हात ठेवला. रिक्षा वळली. बंगारीचं तोंड मागच्या बाजूनं थोडा वेळ दिसलं, ते घराकडं होतं, पण राजेश्वरीकडं नव्हतं.

ती आत येऊन खाटेखालचे केस झाडायला लागली. अप्पा शेगडीपाशी बसले होते. निरोप सांगायला आता कुणी नव्हतं, तेव्हा त्यांना स्वतःच बोलावं लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते सुनेशी सरळ बोलले.

"दार लोटून घे," ते म्हणाले. "कुत्री शिरत्यात."

राजेश्वरीनं दार लोटून घेतलं.